सुखीच्या आठ दिवस मागचा

विजयमाला लग्न होऊन आमच्या घरात आली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलत होती. आता लपवून काय करायचं? मी थोरली जाऊ, ती धाकटी. ज्या वर्षी आपला यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी ती आली. माझा नवरा रामधन म्हणायचा, राज्य कोणतंही असो, तांडा तिथंच आहे आणि नेरचा बाजारही तिथंच आहे. तांड्याचं मला माहीत नाही, पण माझं घर मात्र तिथं राहिलं नाही. ते तिचं झालं.

तिचा बाप दिग्रसकडे शाळामास्तर होता. म्हणून नाव विजयमाला. आमच्या तांड्यात जमन्या, मान्या, सुख्या; त्यात ही एकटी विजयमाला. ती आली तीही पातळ नेसून. माझ्या लग्नात माझ्या घागऱ्यावरचे आरसे थोडे विरळ होते म्हणून सासूने, जमनाबाईने, महिनाभर नाक मुरडलं होतं. आणि हिने घागराच घातला नाही तर म्हणते कशी, "गोरी हाय न, तिले शोभते." माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते तेव्हापासून. घरात आम्ही आमची गोरमाटीच, बंजाऱ्यांची बोलीच बोलतो, पण सगळ्यांना कळावं म्हणून ते बोलणं इथं वऱ्हाडीत सांगते आहे.

मला दोन मुली होत्या. तिसऱ्या वेळी दिवस राहिले आणि पाठोपाठ विजयमालेलाही राहिले. दोघींची पोटं बरोबरच वाढली. माझी सुखी नागपंचमीला झाली. दाईने मुलगी म्हणून सांगितल्यावर सासू विस्तवावर पाणी ठेवायचं निमित्त करून बाहेर गेली ती संध्याकाळपर्यंत आत आली नाही. बरोबर आठ दिवसांनी विजयमालेला मुलगा झाला. त्या दिवशी मात्र सासूने स्वतः उठून तांडाभर गूळ वाटला. मी आठ दिवसांची बाळंतीण, पण मलाही गुळाचा एक खडा आणून दिला. मी तो तोंडात घातला आणि चावला नाही. तसाच विरघळू दिला.

मुलाचं नाव खेमसिंग ठेवलं. घरातल्या आडूला, छपराच्या आडव्या लाकडाला, दोन झोळ्या शेजारी शेजारी टांगल्या. एकीत सुखी, एकीत खेमा. आणि माझा दिवसभराचा उद्योग सुरू झाला.

उद्योग म्हणजे तुलना. ती मी मुद्दाम करत नव्हते असं म्हटलं तर खोटं होईल. सुखी रडकी होती. भूक लागली की आकाशपाताळ एक करायची, ओलं झालं की करायची, माशी बसली तरी करायची. आणि शेजारच्या झोळीत खेमा शांत. दूध पाजायला त्याला उठवावं लागायचं. तळपायाला टिचक्या मारून मारून विजयमाला त्याला जागं करायची, दोन घोट घेऊन तो परत झोपायचा. सासू कौतुकाने बघत बसायची.

"असं पोर पाह्यजे," ती म्हणायची. "घरात हाय का नाई पत्ता लागत नाई. नाई तर हे एक. रातभर तांडा जागवते."

"हे एक" म्हणजे माझी सुखी.

त्या पोराचं सगळंच चांगलं होतं. जन्मल्यावर दीड महिना तो पिवळा होता, तर म्हणे सोन्यासारखी कांती. बेंबी सुपारीएवढी पुढं आलेली, तर म्हणे नशीबवान. जीभ जरा बाहेरच असायची, तर म्हणे दुधाला लालचावलेला आहे, लबाड. चार चार दिवस शी व्हायची नाही, तर विजयमालेला लंगोट धुवायचा त्रास नाही. रडलाच कधी तर आवाज घोगरा, तर दीर फुलसिंग मांडीवर थाप मारून म्हणायचा, "नायकाचा आवाज हाय, पंचायतीत बसन." एकाच घरात, एकाच आडूला टांगलेली दोन लेकरं. एकाचं सगळं गोड आणि दुसऱ्याचं सगळं कडू. माझ्या जिवाची लाही लाही व्हायची.

मग मी ठरवलं, कोणी बघो न बघो, मी बघणार. माझी सुखी याच्या पुढं आहे हे मी मनात पक्कं करून ठेवणार. गणपती उठल्यावर चार दिवसांनी सुखी हसली. मी लगेच शेजारच्या झोळीत वाकून बघितलं. तो हसला नव्हता. माझ्या मनात जे गार वारं सुटलं ते काय सांगू. दिवाळीला सुखीने मान धरली. याची मान पडत होती. संक्रांतीच्या आसपास सुखी पालथी पडून गोधडी चघळायला लागली. हा जसा ठेवला तसा उताणा. माघात सुखी बसली. याच्या हातात खुळखुळा दिला तर बोटं मिटायची नाहीत. माझ्याजवळ कागद नव्हता की पेन्सिल नव्हती, पण एकही दिवस मी विसरले नाही. द्वेषाला फार चांगली आठवण असते.

तोवर मला ते एवढंच वाटत होतं, की माझी पुढं आहे आणि तिचा मागं आहे. त्या पलीकडचं काही मनात आलं नव्हतं. ते आलं होळीला.

आमच्यात मुलगा झाला की पहिल्या होळीला त्याचा ढुंढ करतात. मुलीचा करत नाहीत. आई मुलाला मांडीवर घेऊन बसते, त्याच्या डोक्यावर आडवी काठी धरतात आणि तांड्यातले पुरुष भोवती उभे राहून त्या काठीवर आपापल्या काठ्या वाजवत आशीर्वादाची गाणी म्हणतात. गाणी कसली, आरडाओरडच. वीस-पंचवीस बाप्ये, त्यांच्या काठ्यांचा खडखडाट, वर हलगी. लेकरू किंचाळून किंचाळून निळं पडतं. पडलंच पाहिजे. आमच्याकडे म्हणतात, जेवढं रडेल तेवढं आयुष्य.

खेमाचा ढुंढ झाला तेव्हा तो सात महिन्यांचा होता. पुऱ्यांच्या टोपल्या, गूळ, नवं कुंचं. मी लांब लिंबाखाली सुखीला काखेत घेऊन उभी होते. काठ्या वाजायला लागल्या आणि इतक्या लांब असूनही सुखी दचकली, माझ्या गळ्याला मिठी मारून बोंबलायला लागली. आणि तिकडे मांडीवर, काठ्यांच्या खाली, खेमा गप्प. रडला नाही. दचकला नाही. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जराशी बाहेर, मान विजयमालेच्या दंडावर पडलेली. एका गाण्यानंतर तर तो झोपून गेला.

तांडा खूश झाला. तांड्याचा प्रमुख, म्हातारा नायक, पुढं आला, त्याने खेमाच्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाला, "इतके ढुंढ पाह्यले म्या. असं पोर नाई पाह्यलं. याले भेवच नाई." बायांनी विजयमालेच्या तोंडात साखर घातली. ती लाजून, आनंदाने लाल झाली होती.

मी लिंबाखाली उभी होते आणि मला कळलं. भीती न वाटणारं पोर वेगळं आणि काही पोचतच नाही असं पोर वेगळं. मी सात महिने त्याला बघत होते. माझ्याइतकं त्याला कोणीच बघितलं नव्हतं, त्याच्या आईनेसुद्धा नाही. या लेकरात काहीतरी कमी आहे, हे मला त्या दिवशी भर उन्हात, हलगी वाजत असताना कळलं.

मी बोलले नाही.

का बोलले नाही याची कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. बोलले असते तर म्हणाले असते, हिला मुली आहेत म्हणून जळते. म्हणाले असते, हिचीच नजर लागली. आणि ते तसं म्हणाले असतेच. पण खरं कारण हे नव्हतं. खरं कारण हे, की मला बरं वाटत होतं. सगळे तिच्या पोराला डोक्यावर घेऊन नाचत होते, आणि त्या डोक्यावरच्या पोराची गोष्ट फक्त मला ठाऊक होती. माझ्याजवळ पहिल्यांदा तिच्यापेक्षा काहीतरी जास्त होतं. ते मला कोणाला देऊन टाकायचं नव्हतं.

असं वर्ष गेलं. उन्हाळ्यात सुखी "याडी" म्हणाली, म्हणजे आई. नागपंचमीला, बरोबर वर्षाची झाली त्या दिवशी, अंगणातून दारापर्यंत चालत आली. खेमा पोळ्याला जेमतेम बसायला लागला, तोही भिंतीला टेकवला तर. तेल लावायच्या निमित्ताने मी त्याची टाळू चाचपायचे. सुखीची भरत आली होती, त्याची लुसलुशीतच. केस राठ, अंग कोरडं, थंडगार. आता आता सासूचं कौतुकही कमी झालं होतं. "बाप्याची जात सावकाश वाढते," ती म्हणायची. कोणी पाहुणी म्हणायची, तुमच्या घरात दोन दोन बोली चालतात, म्हणून बोलत नसेल. विजयमाला काहीच म्हणायची नाही. तिने त्याला दारात घेऊन बसणं सोडलं होतं. बाया पाणी भरायला निघाल्या की ती त्याला घेऊन आत जायची. मी तेही बघत होते.

पुढच्या फाल्गुनात देवीची लस टोचायला नेरहून नर्सबाई आल्या. कापूस वेचून झाला होता, सगळ्या बाया घरीच होत्या. नायकाच्या ओट्यावर बाईंनी पेटी उघडली आणि तांड्यातली लेकरं ओळीने आली. बाई वही घेऊन नाव, बापाचं नाव, वय लिहीत होत्या. सुखी एका जागी ठरते कुठं? तिने बाईंच्या पेटीत हात घातला, कापसाचा बोळा ओढला आणि पळाली. बाई खेकसल्या, "कोणाची हो ही कार्टी? आवरा तिला." सासूनेही लगेच तोंडसुख घेतलं. मी सुखीला धरून आणलं आणि पाठीत एक धपाटा दिला.

मग विजयमाला खेमाला घेऊन पुढं झाली. बाईंनी विचारलं, "किती महिन्यांचा?"

विजयमालेने खाली बघितलं. सासू मधेच बोलली, "नऊ महिन्यांचा हाय."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो कडेवर मऊ बोचक्यासारखा बसला होता. "बसतो?"

"बसते न. चांगला बसते."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि वहीत नऊ लिहायला लागल्या. "गुटगुटीत आहे, शांत आहे. शहाणं बाळ आहे."

शहाणं बाळ. माझी सुखी कार्टी आणि तो शहाणं बाळ. माझ्या पोरीच्या पाठीवर माझीच बोटं उमटली होती, ती हुंदके देत होती, आणि दीड वर्षाचा न चालणारा, न बोलणारा तो, त्याला पुन्हा शाबासकी. माझ्या डोक्यात काय शिरलं कोणास ठाऊक.

"नऊ नाई, बाई," मी मोठ्याने म्हणाले. सगळा ओटा ऐकेल इतक्या मोठ्याने. "माह्या सुखीच्या आठ दिवस मागचा हाय तो. ही दीड वर्साची, तोही दीड वर्साचा. ही पेटी घेऊन पळते, त्याले उभं राहता येत नाई."

 बाईंची पेन्सिल थांबली. विजयमालेने वर बघितलं, माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसतं बघितलं, आणि मला समजलं की मी सांगितलेलं तिला नवीन नव्हतं.

बाई उठल्या. त्यांनी खेमाला आपल्या हातात घेतलं, जीभ बघितली, बेंबी बघितली, टाळूवर बोट फिरवलं, कानामागे टाळी वाजवली. टाळीला तो सावकाश वळला, जरा उशिरा. मग त्यांनी वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली. "यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन जा. सोमवारी लहान मुलांच्या डॉक्टर असतात. आणि हे बघा, तिथं विचारतील, हसला केव्हा, मान धरली केव्हा, बसला केव्हा. ज्याला हे सगळं नीट सांगता येईल त्याला सोबत न्या. अंदाजे सांगू नका."

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. सासू म्हणाली माझ्या तोंडात किडे पडोत. फुलसिंग माझ्याकडे पाठ करून जेवला. रामधन बैलांना चारा टाकून आत आला आणि हळूच म्हणाला, "कायले बोलली तू?"

"खरं बोलली. खोटं बोलली का?"

"खरं बोलली," तो म्हणाला. "पण बोलतानी तुह्या तोंडावर एवढी खुशी काहून होती?"

 मी भांडी घासायला बाहेर गेले.

सोमवारी पहाटे फुलसिंगने बैलगाडी जुंपली. विजयमाला खेमाला कुंच्यात गुंडाळून गाडीजवळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाई, चाला."

सासू आतून ओरडली, "तिले कायले नेतं? अजून काय बाकी राह्यलं?"

विजयमाला म्हणाली, "यांले महिने ठाऊक हायेत."

एवढंच. पाच दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती आणि बोलली तर हे. मी सुखीला माझ्या थोरल्या मुलीच्या हवाली केलं आणि गाडीत बसले. तिच्या जागी मी असते तर पोर घरात मरू दिलं असतं, पण जावेला चल म्हटलं नसतं. नेरपर्यंत मी हाच विचार करत होते आणि तिचा आणखीच राग येत होता.

नेरहून मोटार धरून यवतमाळ. दवाखान्यात बाप बाहेर व्हरांड्यात, बाया आत. डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या, जाड चष्म्याच्या, घाईत होत्या. खेमाला टेबलावर ठेवून त्यांनी तपासलं आणि विचारायला सुरुवात केली. विजयमाला स्टुलावर बसली होती, मी तिच्या मागे उभी.

"जन्मल्यावर कावीळ होती?"

विजयमाला म्हणाली, "आठवत नाई."

"होती," मी म्हणाले. "दीड महिना. पोळ्यालाही पिवळा होता, घटस्थापनेपर्यंत डोळे पिवळे होते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "शी?"

"चार दिवसांनी एकदा. उन्हाळ्यात सहा दिवसांनी."

"दूध ओढायचा?"

"उठवून पाजावं लागत होतं. ओढता ओढता झोपे."

"हसला केव्हा?"

"तुरीच्या शेंगा भरल्या होत्या तवा. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार."

"मान?"

"होळीला पडत होती. पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी धरली."

त्या बोटं मोजून सणांचे महिने करत होत्या आणि लिहीत होत्या. आधी जरा हसून, मग हसणं थांबलं आणि हात भराभर चालायला लागला. मी सांगत गेले. कुशीवर वळला ते, बसला ते, पहिला दात आला तो दिवस, हातातली वस्तू पहिल्यांदा धरली तो दिवस. कोणत्या तारखेपर्यंत काय केलं नाही तेही. मला थांबताच येईना. दीड वर्ष मनात कोंबून ठेवलेलं सगळं बाहेर पडत होतं, आणि विजयमाला माझ्याकडे पाठ करून एकेक ऐकत होती. तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. मी काय सांगत होते ते तिला कळत होतं. तिच्या लेकराच्या झोळीत दीड वर्ष कोण वाकून बघत होतं, ते तिला कळत होतं.

बाईंनी लेखणी ठेवली. मग सावकाश, आम्हाला समजेल असं बोलल्या. गळ्यात एक ग्रंथी असते. तिच्या रसावर लेकराचं अंग आणि बुद्धी दोन्ही वाढतात. याच्यात तो रस जन्मापासूनच नाही. याच्या गोळ्या मिळतात. रोज द्यायच्या, जन्मभर. चालेल, थोडं बोलेल, अंग वाढेल. पण डोकं पहिल्या वर्षात जेवढं वाढायचं असतं ते राहून गेलं आहे, ते सगळं परत येणार नाही. तसंच झालं. खेमसिंग पुढच्या दिवाळीला चालला, माणसं ओळखायला लागला, आपली ढोरं ओळखायला लागला, शाळेत मात्र पहिलीच्या वर गेला नाही.

"सहा-सात महिन्यांचा असताना आला असता," बाई म्हणाल्या, "तर फार फरक पडला असता." मग चष्मा काढून त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर इतकं बारीक बघितलंय. एवढ्या वर्षांत अशी आई मी पाहिली नाही. तुम्हाला सगळं दिसत होतं. मग आणलं का नाही?"

मला सगळ्यांदेखत कोणी मारलं असतं तर चाललं असतं. काठ्या, हलगी, गुलाल, लिंबाची सावली, सगळं डोळ्यांपुढं आलं. तेव्हा तो बरोबर सात महिन्यांचा होता. 

"आई मी हाय," विजयमाला म्हणाली.

बाई गोंधळल्या. "मग या कोण?"

"ह्या त्याच्या मोठ्या माय. माह्या थोरल्या जाऊ." तिचा आवाज सरळ होता. "मले दिसलं नाई. माही चूक हाय."

ती रडायला लागली. मोठ्याने, तोंड न झाकता, आपलं लेकरू छातीशी धरून. आणि मी सांगते, तेव्हाही, त्या खोलीतही, मला तिचा हेवाच वाटला. तिला रडता येत होतं. तिला दिसलं नव्हतं, किंवा दिसलं तरी आईच्या डोळ्यांनी तिने ते झाकून घेतलं होतं. तिच्या वाट्याला नुसतं दुःख आलं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांना पाण्याचा थेंब नव्हता.

परतीच्या मोटारीत फुलसिंग पुढं बाप्यांमध्ये बसला. आम्ही दोघी मागच्या बाकावर. गोळ्यांची पुडी तिने पदराला बांधली होती. खेमा आडवा झोपला होता, डोकं तिच्या मांडीवर आणि पाय माझ्या. मी वाट बघत होते, ती कधी विचारते. तुम्हाला ठाऊक होतं तर बोलल्या का नाहीत, हेच विचारणार. अर्ध्या रस्त्यापर्यंत मी उत्तरं जुळवत होते.

तिने विचारलं ते दुसरंच.

"तो पह्यल्यांदा हसला तवा मी कुठं होती?"

"तुरीच्या शेंगा तोडाले गेलती."

"कोणाले पाहून हसला?"

 "मले."

"तुमी काय करत होत्या?"

"चुटक्या वाजवत होती. हसते का नाई पाहाले."

ती पुढं झुकली. इतकी भुकेली नजर मी कोणाची बघितली नाही. "सांगा न, बाई. कसा हसला?"

मी सांगितलं. आधी नुसता बघत राहिला, मग डावा गाल हलला, मग जीभ आत गेली आणि दोन्ही गाल वर आले, डोळे बारीक झाले. एकदाच हसला आणि दमल्यासारखा झोपला. ती ऐकत होती आणि झोपलेल्या खेमाच्या डाव्या गालावर बोट फिरवत होती. मी तिच्या लेकराचं हसू वर्षभर माझ्याजवळ ठेवलं होतं, ते आता तिला देत होते, आणि ती चोरीचा माल परत घेताना ओरडावं तशी ओरडत नव्हती.

मग तिने साधेपणानेच विचारलं, "आन आपली सुखी? ती कशी हसली होती?"

"गणपती उठल्यावर चार दिवसांनी," मी लगेच म्हणाले.

"दिवस नाई. कशी हसली?"

 मोटार नेरच्या वळणाला लागली, लोक सामान आवरायला लागले, आणि मी आठवत राहिले. सुखीचा कोणता गाल आधी हलला. तिचे डोळे कसे झाले. ती कोणाकडे बघून हसली. ती बहुतेक माझ्याकडेच बघून हसली असणार, तिथं दुसरं कोणी नव्हतंच. पण मला तिचं तोंड दिसेना. ती हसली त्या क्षणी मी शेजारच्या झोळीत वाकले होते.